विहिणीचं नाक

माझ्या मुलाच्या लग्नात, उल्हासनगरच्या एका हॉलमध्ये, मी फेटा बांधून स्टेजजवळ उभा होतो. वरबापाला शोभेल इतपत रुबाब चेहऱ्यावर आणायचा प्रयत्न चालला होता. मुलीकडचे पाहुणे एकेक करून हात मिळवून जात होते. त्यातले एक गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी बायकोला कोपराने ढोसलं आणि सनईच्याही वरच्या पट्टीत म्हणाले, "अरे, ये तो अपना कॉकरोचवाला है!"

लग्न ठरल्यापासून आमच्या हिने, म्हणजे सुनंदाने, सगळ्यांना "ह्यांचा स्वतःचा बिझनेस आहे" एवढंच सांगून ठेवलं होतं. कसला, हे कोणी विचारू नये म्हणून ती लगेच समोरच्याच्या तोंडात पेढा घालायची. त्या एका वाक्यासरशी तो बिझनेस भर मांडवात सहा पायांवर उभा राहिला. सुनंदाने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी झुरळ असतो तर तिथेच उताणा पडलो असतो.

विहीणबाई मात्र खूश झाल्या. लाजवंतीबाई उल्हासनगरातल्याच, कॅम्प एकच्या. खाली व्याह्यांचं लेस-बटणांचं दुकान, वर घर. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि फार राग आला किंवा फार माया आली की सिंधी. "भाऊ, ये पहले नाही सांगायचं? माझ्या किचनला किती लोक येऊन गेले, एकालाही जमलं नाही! अब तो घरचा माणूस मिला." त्यांच्या लेकीची पाठवणी व्हायच्या आधी माझं काम पक्कं झालं होतं.

तर मी पेस्ट कंट्रोल करतो. लोकांच्या भाषेत, औषध मारतो. राहतो बदलापूरला, कात्रपमध्ये, आणि कामं बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर अशी पसरलेली. खांद्याला फवारणीचा पंप पहिल्यांदा लागला तो वडिलांच्या भातशेतीत. पुढे शेतात बिल्डिंगा उगवल्या, तसा मीही बांधावरून उठून लोकांच्या ओट्यापाशी आलो. किडे बदलले, खांदा तोच राहिला.

या धंद्यात झुरळाचं काही वाटत नाही. ते बिचारं समजूतदार असतं. त्याला पाणी, खरकटं आणि लपायला फट मिळाली की ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्रास असतो तो गिऱ्हाइकाच्या नाकाचा. औषधाचा वास आला पाहिजे. डोळे चुरचुरले पाहिजेत, शेजारच्यांनी दार उघडून "काय मारलंत हो?" असं विचारलं पाहिजे. मग समाधान. वास नाही आला, म्हणजे औषधच मारलं नाही.

आमच्या पट्ट्यातल्या नाकांना तसं वळणही आहे. आजूबाजूला इतके कारखाने, की वारा कुठून वाहतोय ते कळायला झाडाची पानं बघावी लागत नाहीत. उग्र वास आला की आपण खिडकी लावतो, आणि घरात त्याहून उग्र वासाचं फिनेल ओतून "आता कसं स्वच्छ वाटतंय" म्हणतो. मीही हेच म्हणणाऱ्यातला. पूर्वी आम्ही धूर निघाल्यासारखी फवारणी करायचो. घरातली माणसं जिन्यात बसायची, भांडी पलंगावर, पलंग गॅलरीत. संध्याकाळी सगळे परत आत. मेलेली झुरळं सुपलीत भरून मला दाखवायचे, जणू मी वाघ मारलाय.

आता तसं नाही. आता बहुतेक कामाला जेल असतं. सुईसारख्या तोंडाच्या नळीतून मोहरीएवढा ठिपका, कपाटाच्या बिजागरीत, फ्रिजच्या मोटरपाशी, सिंकच्या खाली. झुरळ ते खातं आणि आपल्या बिळात जाऊन मरतं. त्याच्याआधी मी टॉर्च घेऊन पालथा पडतो आणि गळका पाइप शोधतो, भिंतीतली फट पांढऱ्या सिमेंटने बुजवतो, पुठ्ठ्याचे खोके बाहेर काढायला लावतो. निम्मं काम तिथेच होतं. औषध जितकं कमी, तितकं काम चांगलं. पण हे गिऱ्हाइकाला पटवणं म्हणजे पंगतीत उभं राहून उपासाचं महत्त्व सांगणं. "हे काय, टूथपेस्ट लावून चाललात?" असं मला तोंडावर म्हणालेत लोक.

अंबरनाथच्या एका मावशींचं घर आठवतं. मी येणार म्हणून त्यांनी बाथरूम घासायला काढलं होतं. आधी ॲसिड टाकलं, मग "अजून पांढरं होऊ दे" म्हणून वर ब्लीचिंग पावडर. मी दारात पोचलो तेव्हा मावशी, काका आणि समोरच्या फ्लॅटमधले दोघं जिन्यात उभे राहून खोकत होते. या दोन गोष्टी सवतींसारख्या. एकेकटीशी कसंबसं जमतं, एका बादलीत आल्या की घर सोडावं लागतं. नाकावर ओला रुमाल धरून खिडकी उघडली आणि मीही जिन्यात येऊन खोकणाऱ्यांत सामील झालो. हवा सुटल्यावर मावशी डोळे पुसत म्हणतात कशा, "पण दादा, वास कसा जबरदस्त आला ना? एकही झुरळ राहिलं नसेल." त्यांचं बरोबर होतं. झुरळं शहाणी, ती आमच्या आधीच शेजारच्या फ्लॅटमध्ये गेली होती.

आणि उल्हासनगरला एका घरी, उन्हातून आलेला म्हणून एका आजींनी मायेने फ्रिजवरची बाटली उचलली आणि पेला भरून पुढे केला. पांढरंशुभ्र, गारेगार दिसणारं ताक. पेला ओठाशी नेला आणि थबकलो. ते फिनेल होतं. सुटं फिनेल आमच्याकडे कोल्डड्रिंकच्या जुन्या बाटल्यांतून विकतात, पाण्यात कालवलं की अगदी ताक. आजी बिचाऱ्या कपाळावर हात मारून घेत होत्या. मी म्हटलं, "आजी, झुरळं मारायचं काम माझं, मला मारायचं कुणी सांगितलं तुम्हाला?" तेव्हापासून मी प्रत्येक घरात पहिल्यांदा त्या बाटल्या बघतो. खायच्या-प्यायच्या बाटलीत दुसरं काही नाही, हा माझा नियम. त्या दिवशी मला वासाने वाचवलं, हे मात्र मान्य. नाकाचा उपयोग असतो. फक्त तो कशाला वापरायचा, एवढंच शिकायचं असतं. आणि ते शिकायला मला स्वतःच्याच विहीणबाई भेटायच्या होत्या.

झालं असं. आमची सून काजल बाळंतपणाला माहेरी, कॅम्प एकला गेली. ती पोचते न पोचते तोच लाजवंतीबाईंचा फोन; लग्नात पक्कं झालेलं काम तोवर राहूनच गेलं होतं. "भाऊ, घरात छोटा येणार. पूरा घर जोरदार फवारून टाका. एकदम इस्ट्राँग."

मी म्हटलं, "छोटा येणार म्हणूनच जोरदार नको."

"म्हणजे?"

"म्हणजे मी येतो, बघतो."

काजलला दिवसभरासाठी आमच्याकडे पाठवलं आणि मी त्यांच्या किचनमध्ये पालथा पडलो. सिंकचा पाइप बदलवला, फटी बुजवल्या, ठिपके लावले. लाजवंतीबाई मागे हात बांधून उभ्या. शेवटी त्यांनी मोठा श्वास घेतला आणि चेहरा पाडून म्हणाल्या, "वास तर कायच नाही. भाऊ, घरचा माणूस म्हणून कमी मारलं काय?"

दोन घरांचं नातं तेव्हा असं होतं, की भांडण नाही आणि गप्पाही नाहीत. पोरांनी आपल्या मनाने लग्न ठरवलेलं. सणाला मिठाई जायची, तिकडून मिठाई यायची, दोन्ही डबे घासून परत. सुनंदा म्हणायची, "चांगली माणसं आहेत, पण किती मोठ्याने बोलतात!" तिकडे लाजवंतीबाई काजलजवळ म्हणायच्या, "तेरी सास अच्छी है, पर कितना कम बोलती है!"

नातू झाला. आम्ही हॉस्पिटलमध्ये जाऊन काचेतून बघून आलो. आणि उद्या घरी सोडणार, त्याच्या आदल्या सकाळी मुलाचा, निखिलचा फोन आला.

"बाबा, बाळाची रक्ताची तपासणी झाली. जी-सिक्स-पीडी कमी आहे म्हणाले."

निखिलने डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं, तेच इथे सांगतो. काही मुलांच्या रक्तात एक द्रव्य जन्मतःच कमी असतं. सिंधी घरांमध्ये हे जरा जास्त दिसतं, त्यामुळे इथल्या डॉक्टरांना त्याची सवय आहे. मूल एरवी ठणठणीत असतं, वाढतं, खेळतं. फक्त काही औषधं आणि काही गोष्टी त्याच्या जवळ येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात, आणि इतक्या लहान बाळाला ते झेपत नाही.

"आणि घरातली पहिली गोष्ट सांगितली ती डांबरगोळ्या," निखिल म्हणाला. "कपाटात नको, बाथरूममध्ये नको. गोळ्यांत ठेवलेले कपडे तर अजिबात नकोत. बाबा, मम्मींनी तर घरभर..." मम्मी म्हणजे त्याच्या सासूबाई. "तुम्हीच जा ना. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, सासरचे लोक आमच्या घराला नावं ठेवतात."

फोन ठेवला. सुनंदा माझ्याकडे बघत होती. मग ती आत गेली आणि तिने आमचं कपाट उघडलं. साड्यांच्या घड्यांमधून, पँटच्या खिशांतून, देवाच्या पोथीमागून तिने गोळ्या काढायला सुरुवात केली. तीस वर्षं मी जगाला ज्ञान वाटत होतो आणि माझ्याच कपाटात हा मळा पिकला होता. एक गंमत कधी लक्षात आलीय का बघा. कपाटात ठेवलेली डांबरगोळी काही दिवसांनी हरभऱ्याएवढी होते, मग नाहीशीच होते. आपण नवी टाकतो. जुनी गेली कुठे, हे कुणी विचारत नाही. तिची हवा होते. आणि कपाट उघडलं की ती हवा आपण श्वासातून आत घेतो.

"चला," सुनंदा म्हणाली. दोरीवर वाळत असलेली रोजची सुती साडी ओढून तिने तीच गुंडाळली, आणि आम्ही स्कूटरवर कॅम्प एक गाठलं.

घर लखलखत होतं. फरशीत तोंड दिसेल असं. लाजवंतीबाईंनी पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली होती. "आओ, आओ! बघा, कशी तयारी केलीय."

सुनंदा उंबऱ्यातच थांबली. तिने श्वास घेतला आणि तिचे डोळे बारीक झाले. मी गिऱ्हाइकांना गोड बोलून सांगण्यात पटाईत समजला जातो. मी घसा खाकरला, "विहीणबाई, त्याचं असं आहे..." आणि पुढे काही सुचेना. सुनंदानेच चपला काढता काढता सरळ सांगून टाकलं. तपासणी, डॉक्टर, गोळ्या, सगळं.

लाजवंतीबाई मटकन दिवाणावर बसल्या. "निखिलने फक्त बोला, खून का टेस्ट है, घबराने का नहीं." मग त्या एकदम उठल्या. "पण गोळी आहे कुठे? थोडीसी टाकली असेल. मला तर वास येत नाही!"

"मला येतोय," सुनंदा म्हणाली. "दारापासून येतोय."

"म्हणजे माझं घर गंदा?"

"नाही हो. तुमचं घर जास्तच स्वच्छ आहे, तीच पंचाईत."

इथे मला एकदाचं तोंड फुटलं. मी त्यांना नाकाचं गणित सांगितलं. कुठल्याही वासात माणूस राहिला की नाक त्याला सरावतं आणि तो वास मोजायचंच सोडून देतं. मासळीवालीला मासळीचा वास येत नाही, मला माझ्या पंपाचा येत नाही. तसा आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. त्याला बाहेरचं नाक लागतं.

"म्हणजे त्याला विहीण लागते," लाजवंतीबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं, पण आवाज निवळला होता. "चलो बहन. सूंघो."

आणि मग माझ्या नोकरीधंद्यातली सगळ्यात विचित्र फेरी सुरू झाली. आजवर मी घरात औषध टाकायला जायचो, त्या दिवशी काढायला निघालो होतो. पुढे सुनंदा, नाक वर करून, एकेका दारापाशी थांबत. तिच्यामागे लाजवंतीबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन. शेवटी मी, जाड पिशवी उघडून. "इथे," सुनंदा म्हणायची. "अड़े, इथे कशी असेल!" लाजवंतीबाई म्हणायच्या आणि कपाट उघडल्यावर कपाळाला हात लावायच्या. वॉशबेसिनच्या जाळीत गोळ्या. बुटांच्या कपाटात गोळ्या. व्याह्यांच्या सुटाच्या खिशात, जुन्या फोटोंच्या डब्यात, गाद्यांखालच्या दिवाणाच्या पेटीत. बाळासाठी काढून ठेवलेली दुलई त्याच पेटीतली, चादरी त्याच पेटीतल्या. पिशवीवर पिशवी घालून मी तोंड घट्ट बांधत होतो, खिडक्या उघडत होतो, पंखे लावत होतो. ज्या खोलीत बाळ झोपणार होतं तिथलं कपाटच आम्ही तिघांनी रेटत गॅलरीत नेलं.

सगळ्यात शेवटी एक पत्र्याची पेटी राहिली. लाजवंतीबाईंनी तिच्यावर हात ठेवला होता, उघडत नव्हत्या.

"ये काजलके हैं," त्या म्हणाल्या.

आत काजलची झबली होती. तिची टोपडी, हातमोजे, तिच्या नानीने हाताने भरलेलं एक पिवळं झबलं. प्रत्येक घडीत रुमालात बांधलेल्या गोळ्या. बाळाला पहिल्यांदा नवं कापड घालत नाहीत, घरातलं वापरलेलं, कुणाच्या तरी अंगावरचं घालतात. आमच्यात आहे, त्यांच्यातही आहे. ते पिवळं झबलं उद्यासाठी होतं. काजल त्यातून बाहेर पडली त्या दिवसापासून ते या उद्याची वाट बघत होतं.

"धुवून?" लाजवंतीबाईंनी मला विचारलं. "गरम पानी से? धूप में रखके?"

मला किती सोपं होतं हो म्हणणं. पण मी म्हटलं, "मोठ्या माणसाला चाललं असतं. धुतल्यावर वास जाईल, पण सगळं गेलं की नाही हे कोण सांगणार? डॉक्टरांनी गोळ्यांतले कपडे नकोच म्हटलंय. त्याला नको."

त्या झबल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. "मैंने ही तो गोळी टाकली," त्या हळू म्हणाल्या. "खराब न हो इसलिए." आणि पुढे काहीतरी सिंधीत बोलल्या, ते मला कळलं नाही. सुनंदाला कळलं असावं, कारण ती त्यांच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसली.

प्रश्न खरा होता. उद्या सकाळी बाळ येणार. घरात जपून ठेवलेलं जे जे होतं, ते सगळं गोळ्यांतलं. नवं घालायचं नाही. मग त्याला गुंडाळायचं कशात?

घरातला एकमेव पुरुष म्हणून मी पुढाकार घेतला. "माझा बनियन चालेल का? मऊ झालाय चांगला."

"तुमचा?" सुनंदा कडाडली. "त्यापेक्षा पोराला थेट पंपातच बसवा ना!"

लाजवंतीबाईंना हसू फुटलं. डोळ्यांत पाणी आणि हसू. ते पुसायला त्यांनी कमरेची ओढणी सोडून तोंडाला लावली, आणि सुनंदा त्या ओढणीकडे बघतच राहिली. फिकी पडलेली, विरून कोपऱ्याला फाटलेली मलमलची ओढणी.

"विहीणबाई, ही रोज घेता?"

"ही? घरातली आहे. रोज घेते, रोज धुते. फटी हुई."

"हिला कधी डांबरगोळी लावली?"

"रोजच्या कपड्याला कोण गोळी लावणार?" लाजवंतीबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या. ओढणी हातात धरून बघायला लागल्या, जशी आत्ता दुकानातून आणली असावी.

इतकी वर्षं या धंद्यात काढून जी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, ती ह्या दोघींनी जमिनीवर बसून शोधली. जे रोजच्या वापरात असतं त्याला कसर लागत नाही. त्याला गोळी लागत नाही, औषध लागत नाही. ते झिजतं, पण स्वच्छ झिजतं.

लाजवंतीबाईंनी ओढणी साध्या साबणाने धुतली. सुनंदा म्हणाली, एका ओढणीत किती लंगोट निघणार, माझी साडी पण दोरीवरचीच आहे. ती आत गेली आणि बाहेर आली ती लाजवंतीबाईंचा फुलाफुलांचा सलवार-कमीझ घालून. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिला साडीशिवाय बाहेर पाहिलं नव्हतं. मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "एक अक्षर बोलायचं नाही." गच्चीवर ओढणी आणि साडी शेजारी शेजारी वाळल्या. दुपारच्या कडक उन्हात त्या वाळायला वेळ लागला नाही. मग दोघींनी कात्री घेऊन त्यांचे चौकोन कापले, काठ दुमडून टाके घातले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना गप्पा मारताना ऐकलं. सुनंदा मोठ्याने बोलत होती.

परत येताना आमच्या सोसायटीच्या गेटवर चेअरमन भेटले. फुलाफुलांच्या सुनंदाकडे बघून म्हणाले, "काय वहिनी, व्याह्यांकडून आहेर वाटतं?" सुनंदा म्हणाली, "नाही. अदलाबदल."

दुसऱ्या दिवशी नातू आजीच्या ओढणीत घरी आला. थोडी कावीळ होती, डॉक्टरांनी लक्ष ठेवलं, ती उतरली. पोरगं आज दणकट आहे. ते पिवळं झबलं लाजवंतीबाईंनी टाकलं नाही. बरेच दिवस गच्चीवर उन्हात लटकत होतं. "बडा होगा तो दिखायेंगे," म्हणाल्या. "तुझी आई एवढीशी होती म्हणून."

सव्वा महिन्यानंतर बाळ आमच्याकडे, कात्रपला यायचं होतं. सुनंदाने घर धुऊन काढलं, साध्या साबणाच्या पाण्याने, फिनेलशिवाय. मग स्वतःच फोन लावला. "विहीणबाई, आधी तुम्ही एकट्या या. सूंघायला."

लाजवंतीबाई आल्या त्या परीक्षक येतात तशा. पाणीसुद्धा घेतलं नाही. उंबऱ्यात थांबल्या, श्वास घेतला, आणि सरळ बेडरूममधल्या कपाटाच्या वरच्या खणापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"तिथे काही नाही हो," सुनंदा म्हणाली. "मी सगळं काढलंय. मला तर वास येत नाही."

हे वाक्य ऐकायला विहीणबाई सव्वा महिना थांबल्या होत्या. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी स्टूल आणलं. वरच्या खणात, सुनंदाच्या लग्नातल्या शालूच्या घडीत, पदराच्या अगदी आत, वाटाण्याएवढी एक गोळी अजून तग धरून होती. सुनंदाने हात जोडले. "जिंकलात."

फेरी चालू राहिली. किचन पास. बाथरूम पास. गॅलरीपाशी लाजवंतीबाईंचं नाक पुन्हा वर गेलं. तिथे माझा पंप, माझी बॅग, आणि दोरीवर कामाचे कपडे. त्यांनी पंपाकडे बघितलं, कपड्यांकडे बघितलं, आणि मग वळून, अगदी आदराने, दोन पावलं जवळ येऊन माझा वास घेतला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "बुरा मत मानना. सबसे ज्यादा तुम्ही."

सुनंदाला इतकी वर्षं कधी जाणवलं नव्हतं. मलाही नाही. आम्ही दोघं एकमेकांना सरावलो होतो.

तेव्हापासून पंप आणि बॅग एका मित्राच्या गाळ्यात कुलपात असतात. कामाचे कपडे तिथेच बदलतो, ते वेगळे धुतले जातात. घरी आलो की कशालाही हात न लावता आधी अंघोळ. ज्या घराचा मी कर्ता म्हणवतो, त्या घरात मी सगळ्यात शेवटी आत येतो. कॅम्पात लाजवंतीबाईंनी ही गोष्ट इतक्या मोठ्याने सांगितलीय, की तिथून आता मला वेगळेच फोन येतात. "साईं, बहू उम्मीद से है. घर से गोलियाँ निकालनी हैं." मी जातो, पिशवी उघडून उभा राहतो आणि सांगतो, एखादी शेजारीण बोलवा, विहीण असेल तर उत्तमच. मघाशी सांगितलेले ते लग्नातले गृहस्थसुद्धा बोलावून गेले. जाताना म्हणाले, "कुछ छिड़का नहीं, फिर भी घर हल्का लग रहा है." वास आला नाही अशी तक्रार त्यांनी केली नाही.

पहिल्यांदा नातवाला घरात घ्यायचा दिवस मात्र विसरत नाही. मी कामावरून आलो, अंघोळ केली, दोरीवरचा बनियन चढवला आणि हॉलमध्ये हात पुढे करून उभा राहिलो. बाळ लाजवंतीबाईंच्या मांडीवर, साडीच्या चौकोनात गुंडाळलेलं. त्यांनी मान पुढे करून माझा वास घेतला. मग सुनंदाकडे बघितलं. सुनंदा उठली, दुसऱ्या बाजूने येऊन तिनेही घेतला.

"कशाचा येतोय?" लाजवंतीबाईंनी विचारलं.

"कशाचाच नाही," सुनंदा म्हणाली.

आणि त्यांनी पोर माझ्या हातात दिलं.